कांडी

अक्कलकोट रोडला दुपारी वीज जाते
तेव्हा बारा माग एकदम गप्प होतात
आणि कानात आपलंच रक्त वाजत राहतं.
कोंडय्या जॉबर मग पट काढतो,
चादरींच्या थप्पीवर मांडतो.
पांढरी मला. नेहमीच मला.
त्याच्या काळ्यांत एक उंट हरवलेला, राजाशेजारचा.
त्या घरात उभी असते एक कांडी,
काळ्या सुताची,
सकाळी मीच भरलेली.

मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलते.
तो राजापुढचं आणून ठेवतो माझ्या तोंडाशी.
"घे की. फुकटचं हाय."
किलोवर मजुरी घेणारी बाई
फुकटचं कसं सोडेल?

घेते. त्याचा घोडा येतो, माझा येतो.
त्याचा वजीर राजासमोर येऊन थांबतो,
चुकून आल्यासारखा.
मिळालेलं प्यादं राखायला मी उंट काढते,
तर शह!
उंट मागे आणते. वजीर कडेचं प्यादं गिळतो
आणि माझ्या हत्तीशेजारी बसतो, भर घरात.
आता सापडलास, म्हणते मी,
उंट एक घर तिरका, वजिराच्या अंगावर.

इथेच मरते मी. सतरा वेळा मेले.

कांडी सरकत येते.
माझा उंट जागीच खिळतो, हलला तर राजा उघडा.
वजीर मदतीला धावतो,
कांडी उंटाला खाते, मी कांडीला,
आणि काळा वजीर अलगद येऊन बसतो
माझा उंट सकाळी जिथून निघाला होता
त्या रिकाम्या घरात.
मात. माझा वजीर त्याच रांगेत, दोन घरं वर,
मध्ये माझंच प्यादं आडवं.
कोंडय्या तंबाखू मळतो. हसत नाही, ते जास्त लागतं.

रात्री फरशीवर चिंचोके आणि खडे मांडले.
काळ्या उंटाला मुद्दाम एक कांडी आणली घरून घरी,
म्हणजे कारखान्यातून, पदराखाली.
सूत तुटलं की आपण काय करतो?
पुढे ओढत नाही. मागे जातो, टोक शोधतो.
तशी एकेक खेळी मागे गेले.
प्यादं घेतलं ती चूक नव्हती.
उंट काढला, तीही नव्हती.
आई सुपात विड्या मोजत होती,
मान वर न करता म्हणाली, "तोंदर वद्दु."
घाई नको.
ती मला नव्हती म्हणाली, पिठल्यात पाणी ओतणाऱ्या बहिणीला म्हणाली.
पण माझा हात उंटावरून उठला.

वजिराला मारायला धावायचंच नाही.
घोडा आणून ठेवायचा फक्त त्या घरात.
उंट मागे, घोड्याच्या पाठीशी. राजा झाकलेला.
मग हत्ती एक घर बाजूला,
आणि भर घरात जेवायला बसलेल्या वजिराला
हातातलं ताट ठेवून उठावं लागतं.

मंगळवारी वीज गेली. बेचाळीस डिग्री. पत्रा तडतडत होता.
पाच खेळ्या रोजच्याच.
सहावीला कोंडय्याचा हात कांडीवर आधीच गेलेला,
आणि मी घोडा ठेवला.

तो थांबला.
चष्मा काढून बनियनला पुसला.
तीस वर्षं तुटलेली तारं शोधणारा माणूस
पटाकडे तसाच वाकून बघत राहिला.
"कोणी शिकवलं?"
मी म्हटलं, "कुणी नाही."
ते खरं नव्हतं. सतरा वेळा त्यानेच शिकवलं होतं.

वजीर कडेला पळाला होता तेवढ्यात वीज आली.
बारा माग एकदम बोंबलले.
कोंडय्या काहीतरी बोलला, ओठ हलले,
ऐकू आलं नाही.
सहा नंबरवर काळं सूत संपलेलं,
भरलेली कांडी जवळ नाही.
त्याने पटावरून ती उचलली,
धोट्यात बसवली.

डाव तसाच राहिला, एक उंट कमी.
तो उंट आता कुठल्यातरी चादरीच्या काठात आहे,
कुणाच्या तरी पायाशी.
उद्यासाठी मी दुसरी भरून ठेवली आहे, जरा घट्ट.